मदत हवी आहे : शेठना क्रूसकट यॉट घ्यायचीय

नमस्कार मंडळी. मी एका शेठजींचे हिशेब बघतो. सध्या त्यांच्या डोक्यात सेकंड-हँड ७० फुटी यॉट बसलीय. कॅप्टन, इंजिनियर, डेकहँड, कुक सगळे पगारी. हौस मलाही कळते. संध्याकाळी गेटवेहून निघायचं, मांडव्याच्या अलीकडे नांगर टाकायचा, डेकवर गरमागरम तळलेलं पापलेट, पनवेल-वडखळचं ट्रॅफिक नाही.

पण कागदावर मांडायला बसलं की घाम फुटतो. बोट जागची हलली नाही तरी वर्षाचा खर्च किमतीच्या साधारण १० टक्के धरतात. त्यात आपला पावसाळा! बोट वर काढून ठेवायची, पगार मात्र चालूच. मुंबईत धड मरीना (खासगी बोटी लावायचा धक्का) नाही. गेटवेसमोर मुरिंगला (पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला) बांधा आणि डिंगीने (छोट्या होडीने) ये-जा करा. कोचीत बोलगट्टीला मरीना आहे, पण शनिवारी संध्याकाळी कोची गाठणार कोण?

जाणकारांनी सांगावं : पावसाळ्याचे चार महिने क्रूला बसवून पगार देता, की सीझनपुरतं ठेवता? मग चांगला कॅप्टन टिकतो का? चार्टरला (इतरांना भाड्याने) देऊन खर्च निघतो, की झीजच जास्त? मेरीटाईम बोर्डाचे कोणते कागद लागतात? आणि ‘शेठ, भाड्यानेच घ्या’ हे नोकरी शाबूत ठेवून कसं सांगावं?