खासगी रान: साफतोड न करता दरवर्षी लाकूड कसं काढायचं?

सड्याखालचा:
संगमेश्वर तालुक्यात ४ एकर उताराचं रान आहे. ऐन, किंजळ, नाणा, जांभूळ, काही जुने बेहडे. मधून पऱ्या (छोटा ओढा) जातो. मागची साफतोड १२ वर्षांपूर्वीची. ठेकेदार पुन्हा सगळं उक्तं (सरसकट, एकरकमी) मागतोय. रान टिकवून घरचं सरपण आणि थोडं उत्पन्न निघेल अशी तोड कशी बसवायची? खुंट मरू नयेत म्हणून काय बघायचं?

ऐनकिंजळ:
उक्तं अजिबात देऊ नका. उक्त्यात मनगटाएवढी झाडंही जातात आणि बियाण्याचं झाड उरत नाही.

पऱ्याच्या दोन्ही काठांना १०-१० मीटर हात लावायचा नाही. उरलेल्या रानाचे उताराला आडवे १० पट्टे पाडा, वर्षाला एकच तोडा. क्रम १, ४, ७, १०, ३, ६, ९, २, ५, ८ असा ठेवलात तर लागोपाठच्या वर्षी शेजारचे पट्टे उघडे पडत नाहीत, माती धरून राहते. प्रत्येक पट्ट्यात ६-८ सरळ, फळणारी झाडं रंग लावून राखा. ढोलीचे बेहडे राखाच, धनेशाला घरटं करायला अशा ढोल्या लागतात.

तोड डिसेंबर ते फेब्रुवारी, नवी पालवी येण्याआधी. तेव्हा मुळांत अन्नसाठा असतो. मे महिन्यात तोडलं तर तो पालवीत खर्च झालेला असतो आणि फूट अशक्त येते. खुंट १० ते १५ सेंमी ठेवा. उंच खुंटावरचे धुमारे वाऱ्याने खांद्यातून उपटतात. काप थोडा उतरता, म्हणजे पाणी साचून खुंट कुजत नाही. आधी पडायच्या बाजूने खाच घ्या, नाहीतर झाड पडताना साल खालपर्यंत सोलत जाते, आणि फूट तर तिथूनच यायची असते.

सातबारा:
तोडीआधी कागद बघा. रान खासगी असलं तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. ऐन, किंजळ, जांभूळ तिन्ही अनुसूचीत आहेत, परवानगी लागते. सातबाऱ्यावर १९७५च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद असेल तर आधी ती निकाली काढा, कुऱ्हाड नंतर.

रानमोडी_हटाव:
खरं काम तोडीनंतरचं. पहिल्या पावसात एका खुंटावर पंधरा-वीस धुमारे येतात. लगेच विरळणी करू नका, एकटा कोवळा धुमारा वाऱ्यात मोडतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जमिनीलगतचे जोमदार २-३ ठेवा, चौथ्या वर्षी १-२. तोवर गुरं आत नकोत, काट्याचं कुंपण घाला.

उघड्या पट्ट्यात रानमोडी (झुडपासारखं वाढणारं तण) घुसते. ती ऑगस्ट-सप्टेंबरात, माती ओली आणि फूल यायचं असताना मुळासकट उपटा. कोयत्याने छाटली तर बुडातून दुप्पट फुटते. वाळलेली रानमोडी वणव्याला फार लवकर पेटते, म्हणून जानेवारीअखेर हद्दीवर ४ मीटरचा पट्टा झाडून साफ ठेवा.

सड्याखालचा:
आभार. भाजावळीसाठी (भाताच्या रोपांची जागा भाजायला) ऐनाची कवळं, म्हणजे पानांच्या फांद्या, तोडतात, ती चालतील?

ऐनकिंजळ:
तोडीनंतर ५ वर्षं त्या पट्ट्यात नाही. पुढे खालच्या एक-तृतीयांश फांद्याच घ्या आणि शेंडा राखा. शेंडा गेला की ऐन उंची सोडतो, नुसता ठोंब उरतो.