साइड पॅनलची खुंटी तुटली, शनिवारच्या आत उपाय हवा

घाटवेडा
नमस्कार मंडळी. तातडीने मदत हवी आहे. बाइकच्या डाव्या साइड पॅनलची वरची खुंटी मुळातून तुटली. वायरिंग बघायला पॅनल ओढलं आणि कट्‌कन आवाज आला. फेविक्विक लावून बसवलं, पहिल्याच स्पीड ब्रेकरला निखळलं. शोरूममध्ये विचारलं तर म्हणे पार्ट बंद झाला. बाजारातला डुप्लिकेट बघितला, त्याचा रंग वेगळा आणि भोकंही जुळत नाहीत. शनिवारी पहाटे रत्नागिरीला निघायचंय. हे फायबर पक्कं चिकटवायला काय वापरतात तेवढं सांगा. ‘नवीन घ्या’ हा सल्ला कृपया नको.

उद्यमनगर
गाडी कोणती? साल? खुंटी तुमच्याकडे आहे की पडली? पॅनलच्या आतल्या बाजूला काही अक्षरं आहेत का? एवढं कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

दोनस्ट्रोक
आरएक्सचंच असणार. भाऊ, काळजी करू नका. आरएक्स १०० बंद होऊन १९९६ पासून इतकी वर्षं झाली तरी पॅनल नवीन मिळतात. पुण्यात नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरा, जोडी मिळेल. घेताना खुंट्या बोटाने वाकवून बघा. हलक्या मालाच्या खुंट्या आतून पोकळ असतात. लॉकची जागाही तपासून घ्या.

मालवणी_होडी
फायबर असेल तर सोपं आहे. आमच्याकडे होड्यांचं काम रोज चालतं. आतून ग्राइंडरने घासा, काचेची मॅट कापून ठेवा, रेझिनमध्ये हार्डनर मिसळा आणि दोन थर द्या. समुद्राच्या लाटा खातं ते, तुमच्या रस्त्याचं काय घेऊन बसलात.

घाटवेडा
आरएक्स नाही हो, करिझ्मा आहे. पिवळी, २००५ ची. खुंटी आहे माझ्याकडे, डबीत ठेवली आहे. बाकी गाडी चकाचक आहे. मला फक्त चिकटवायचं काय ते हवंय.

जुनाबाजार
पिवळी करिझ्मा? विकणार असाल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पॅनल तुटलेलं चालेल.

घाटवेडा
विकायची नाही.

सोडाफेविक्विक
नुसतं फेविक्विक कधीच टिकत नाही, त्यात खायचा सोडा लागतो. खुंटी जागेवर धरा, बुडाशी चिमूटभर सोडा टाका, वरून फेविक्विकचे थेंब सोडा. धूर येईल, गरम होईल, क्षणात दगड. माझ्या सीबीझीची टेल पॅनल अशीच जोडली आहे. पाच रुपयांत काम होतं, उगाच मोठे प्रयोग कशाला?

उद्यमनगर
दगड होतं, तिथेच अडचण आहे. खुंटीला प्रत्येक वेळी वाकावं लागतं आणि सोड्याचा सांधा अजिबात वाकत नाही. टेल पॅनल स्क्रूवर बसते, तिला ताण कमी, म्हणून तुमची टिकली. पोकळी भरायला सोडा उत्तम आहे, खुंटीला नाही.

घाटवेडा, अक्षरांचं अजून सांगितलं नाहीत.

सोडाफेविक्विक
अनुभवातून सांगतोय, पुस्तकातून नाही. माझं पॅनल अजून जागेवर आहे.

घाटवेडा
आता बॅटरी लावून बघितलं. दोन बाणांच्या मध्ये ‘एबीएस’ लिहिलंय. मागच्या काळ्या मडगार्डवर ‘पीपी’ आहे. यावरून काय कळतं?

उद्यमनगर
यावरून सगळंच कळतं. आता नीट लिहितो.

तुमचं पॅनल एबीएस प्लास्टिकचं आहे, काचेच्या मॅटचं फायबर नाही. होडीचं पॉलिएस्टर रेझिन या पातळ, लवचिक प्लास्टिकवर फार दिवस धरत नाही, पापुद्रा सुटतो. पण एबीएसचा मोठा गुण म्हणजे ते अॅसिटोनमध्ये विरघळतं. म्हणून ते चिकटवत बसायचं नाही, एकजीव करायचं. सांधा सुकला की तिथेही एबीएसच उरतं.

भंगारातलं एबीएस आणा. जुन्या कीबोर्डची किंवा मॉनिटरची खोळ चालते, पण तिच्यावरही हीच अक्षरं बघून घ्या. पक्कडीने बारीक तुकडे करा, काचेच्या बाटलीत घाला, बुडतील इतकं अॅसिटोन ओता आणि पत्र्याचं झाकण घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी काकवीसारखा लगदा होतो. अॅसिटोन केमिकलच्या दुकानातून आणा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात, कित्येकांत तर अॅसिटोनच नसतं.

आधीचं फेविक्विक कानशीने पूर्ण काढा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण त्याच्यावर लगदा पकडणार नाही. पॅनल साबणाने धुवून वाळवा, दोन्ही तोंडं ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. मग खुंटीच्या मधोमध दीड मिलिमीटरचं भोक पाडून त्यात स्टीलच्या तारेचा तुकडा घाला, तिचं दुसरं टोक पॅनलच्या बुडात. दोन्ही तोंडांना अॅसिटोन लावून मऊ करा, दाबून धरा आणि बुडाभोवती लगद्याचे पातळ थर चढवा. एकदम जाड लावलंत तर वरून साय धरते आणि आत ओलं राहतं. दोन थरांत किमान तासभर जाऊ द्या, शेवटच्या थरानंतर दोन दिवस हात लावू नका.

रंगाच्या बाजूला अॅसिटोनचा थेंबही जाऊ देऊ नका, रंग लगेच सुरकुततो. आणि हे काम गच्चीवर करा. अॅसिटोन पेट्रोलइतकंच पटकन पेटतं. जवळ शेगडी, उदबत्ती काही नको.

घाटवेडा
दोन दिवस? आज बुधवार संध्याकाळ आहे. त्यापेक्षा सोल्डरिंग गनने वितळवून जोडलं तर?

उद्यमनगर
तेही होतं. २५ वॅटची गन घ्या, स्टीलची बारीक जाळी गरम करून प्लास्टिकमध्ये दाबा, वरून भंगार एबीएसची पट्टी वितळवा. पण पॅनल पातळ आहे. जरा जास्त वेळ टेकलं की बाहेर रंगावर फोड येतो. हात बसलेला नसेल तर करू नका.

त्रिमितीवाला
कोणी थ्रीडी प्रिंटचं बोलत नाही याचं आश्चर्य वाटतं. खुंटीचं माप घ्या, छापून मिळते. फक्त पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापू नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, सांगलीच्या उन्हात उभ्या गाडीला तेवढं तापायला वेळ लागत नाही. एबीएसमध्येच छापून घ्या, म्हणजे उद्यमनगरांचा लगदा त्यालाही चालेल.

सोडाफेविक्विक
खुंटी डबीत आहे म्हणतायत ते. छापायची कशाला?

चेतकस्वार
या सगळ्याचं मूळ म्हणजे गाड्यांचं प्लास्टिक. आमच्या चेतकला पत्रा होता. पडली तरी ठोकून सरळ, वरून लांबी (पुट्टी) आणि रंग. कायनेटिक होंडा आली तेव्हा घरोघरी हाच वाद झाला होता, की बटण स्टार्टची सोय चांगली पण बॉडी काय टिकणार. चेतकचा डावा डबा कधी तुटलेला बघितलाय कोणी?

दोनस्ट्रोक
काका, डबा तुटत नव्हता, पण गंजत होता. आमच्याकडची खालून पूर्ण सडली होती. प्लास्टिक निदान गंजत नाही.

चेतकस्वार
रेड ऑक्साइड वेळेवर मारलं की गंज येत नाही. काळजी कशाचीही घ्यावीच लागते.

कोकणकन्या
काळजीवरून लिहिते. माझ्याकडे करिझ्माच आहे, नंतरची. खुंटी तुटते ती खुंटीच्या दोषाने नाही, ती ज्या रबरी बुशमध्ये बसते तो बुश कडक झाल्याने. घाटवेडा, तुमचा बुश नखाने दाबून बघा. नख रुततं का? रुतत नसेल तर नवी खुंटीही पुढच्या खेपेला तशीच जाईल. बुश कोणत्याही स्पेअरच्या दुकानात मिळतात, भोकाचं माप घेऊन जा. बसवताना साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन स्प्रे लावा. ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं.

काढताना पॅनलची कडा धरून ओढायची नाही. बोटं खुंटीच्या अगदी मागे घालायची आणि सरळ बाहेर. थंडीत सकाळी काढायचं असेल तर आधी गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा, प्लास्टिक जरा नरम पडतं.

आणखी एक बघा. जिथे पॅनल स्क्रूने बसतं तिथे रबराच्या आत लोखंडी नळी असते. स्क्रू त्या नळीवर टेकतो, प्लास्टिकवर नाही. सर्व्हिसिंगला कोणीतरी ती हरवतं, मग स्क्रू आवळला की थेट प्लास्टिक दाबलं जातं आणि भोकाभोवती केसासारख्या चिरा येतात. माझ्या फेअरिंगला तसंच झालं होतं.

घाटवेडा
ताई, नख रुतत नाही. बुश लाकडासारखा झालाय, वर चीर पण आहे. आणि तुम्ही म्हणता ती नळी खालच्या स्क्रूला नाहीये! तिथे खरंच दोन चिरा आहेत, एक जवळजवळ बोटभर. ही आज दिसली.

उद्यमनगर
चिरेच्या अगदी टोकाला दोन मिलिमीटरचं भोक पाडा, आधी तेच. ते नसेल तर वरून काहीही लावा, चीर पुढे धावतेच. मग आतून इंग्रजी व्ही आकाराची खाच करा आणि लगदा भरा. नळी लेथवाल्याकडून कापून घ्या, लांबी रबराच्या जाडीपेक्षा किंचित जास्त.

वॉशिंगसेंटर
मी धुण्याचा धंदा करतो म्हणून सांगतो. बरेच लोक चमक येते म्हणून डिझेल मारून गाडी धुवायला सांगतात. मी नाही म्हणतो. डिझेलने रबर खराब होतं, आणि ताणाखाली असलेल्या प्लास्टिकला तेल-पेट्रोल लागत राहिलं की चिरा लवकर पडतात. टाकीच्या झाकणातून पेट्रोल ओघळत असेल तर तेही बघा. गाडीचा शाम्पू आणि पाणी पुरतं.

काळाभोर
पांढरट पडलेल्या काळ्या प्लास्टिकला हॉट गन हलकी फिरवली की परत काळं होतं. एका जागी थांबू नका. वरून सिलिकॉनचं ड्रेसिंग लावा.

घाटवेडा
काळ्या प्लास्टिकचं विचारलं नव्हतं, पण मागचं मडगार्ड पांढरट झालंच आहे. त्याला पण एक चीर आहे. तोच लगदा चालेल?

उद्यमनगर
नाही. ते पीपी, म्हणजे पॉलिप्रोपिलीन आहे, अॅसिटोनने त्याला काही होत नाही. फेविक्विक, अराल्डाइट, एम-सील सगळं सोलून निघतं. त्याला पीपीचीच कांडी घेऊन गरम वेल्डिंग लागतं. कारच्या बंपरचं काम करणाऱ्याकडे जा, तो करतो.

आणि शनिवारचं म्हणाल तर पॅनल घरी ठेवून जा. उघड्या पडणाऱ्या वायरी नीट बांधा, आंबा घाटात पाऊस लागला तर कनेक्टरवर प्लास्टिक गुंडाळा. ओला सांधा घेऊन घाट उतरलात तर खुंटीही जाईल आणि पॅनलही.

सोडाफेविक्विक
किंवा सोडा-फेविक्विक करून दोन झिप टायने बांधा आणि पॅनल लावूनच जा. आल्यावर काय तो लगदा करा.

कोकणकन्या
कृपया तसं करू नका. परत फेविक्विक खरवडताना खुंटीचं तोंड झिजतं आणि लांबी कमी होते. मग बुशमध्ये पोचतच नाही.

घाटवेडा
ठरलं. पॅनल घरी ठेवतो. कीबोर्ड मिळाला, एबीएसच आहे, बाटली गच्चीवर भरून ठेवली आहे. बुश दुकानात मिळाले, चारही घेतले. आता एकच सांगा, चीर भरून घासल्यावर तेवढ्याच जागी पिवळा मारला तर डाग दिसेल का?

उद्यमनगर
दिसेल. वीस वर्षांचा पिवळा उन्हाने उतरलेला असतो. डब्यावरच्या कोडने काढलेला रंग गडद येतो. पेंटवाल्याकडे पॅनलच घेऊन जा, त्याला डोळ्याने जुळवू द्या, आणि आख्खं पॅनल मारून घ्या. आधी ४००, मग ६०० नंबरचा पाणपेपर, मग प्रायमर. वरची लॅकर हार्डनरवाली असेल तर घरी फवारू नका, तिच्या वाफा फुफ्फुसाला वाईट. तो मास्क लावून करेल.

जुनाबाजार
आख्खी गाडी रंगवणार असाल तर मूळ स्टिकर आधी फोटो काढून मापासकट जपून ठेवा. आणि विकायचा विचार बदलला तर व्यनि आहेच.