मदत हवी आहे: साडेनऊ वर्षांच्या मुलीला तारा आत्ता लावाव्यात की थांबावं? (नाशिक)

पिंपळपार
मुलगी साडेनऊ वर्षांची, चौथीत आहे. वरच्या मधल्या दोन दातांत फट आहे. त्यांच्या शेजारचा उजवा दात तोंड मिटलं की खालच्या दातांच्या मागे जातो. शिवाय उजवीकडची खालची मागची दुधाची दाढ किडली म्हणून गेल्या महिन्यात काढावी लागली. कॉलेज रोडच्या दवाखान्यात म्हणाले, लगेच तारा सुरू करा. नाशिकरोडला म्हणाले, बारा वर्षांची होईपर्यंत हात लावू नका. घरी काय तपासता येईल आणि कोणाचं ऐकावं?

अंजनेरी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, कारण हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि प्रत्येकाची वेळ वेगळी आहे. फट थांबू शकते. मागे जाणारा दात थांबू शकत नाही. काढलेल्या दाढेच्या जागेचं तर याच महिन्यात बघायला हवं.

आधी फट. आठ ते बारा या वयात वरचे सुळे हिरडीच्या आत खाली सरकत असतात आणि शेजारच्या दातांच्या मुळांना दाबत असतात. त्यामुळे पटाशीचे दात पंख्यासारखे फाकतात. दोन मिलिमीटरपर्यंतची फट सुळे आले की बहुतेक वेळा आपोआप मिटते. त्याहून मोठी असेल तर एक्स-रे हवा, कारण मधोमध एखादा जादा दात हाडात अडकलेला असू शकतो. वरचा ओठ हलका उचलून ताणा. दोन दातांच्या मागची टाळूकडची हिरडी पांढरी पडली, तर ओठाला धरणारा पडदा दातांच्या मधून खोल गेलेला आहे. तरीही तो सुळे येण्याआधी कापू नये. आधी कापला तर तिथे कडक व्रण होतो आणि फट मिटणं उलट अवघड होतं.

फट घालवायला दोन दातांभोवती रबर बँड बांधायचा, असे व्हिडिओ फिरतात. कृपया हे कधीही करू नका. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे रबर हिरडीच्या आत सरकत जातो, दिसेनासा होतो आणि मुळाभोवतीचं हाड खातो. असे पटाशीचे चांगले दात कायमचे गेले आहेत.

आता मागे जाणारा दात. तो दर वेळी खालच्या दातावर उलट्या बाजूने आपटतो. वरच्याचं आवरण झिजतं, खालचा दात पुढे ढकलला जाऊन त्याची हिरडी खाली उतरते. यासाठी सगळ्या तोंडात तारा लागत नाहीत. बहुधा काढता-घालता येणारी प्लेट पुरते: दातामागे छोटी स्प्रिंग, आणि दाढांवर थोडी उंची, म्हणजे दात पुढे येताना खालच्या दाताला अडकत नाही. प्लेट जेवताना काढावी की नाही, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. दाढांवरची उंची खाताना नसेल तर अडथळा तसाच राहतो. काम काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतचं. दात पुढे आला आणि खालच्या दातावर नीट चढला की तोच स्वतःला तिथे धरून ठेवतो.

एक अट मात्र आहे. स्प्रिंग लावण्याआधी सुळा नेमका कुठे आहे ते एक्स-रेवर बघायलाच हवं. सुळ्याचं टोक या दाताच्या मुळाला टेकलेलं असताना दात ढकलला, तर मूळ विरघळायला लागतं. एक्स-रे न काढता कोणी प्लेटचं माप घ्यायला बसलं तर तिथेच विचारा.

ब्रह्मगिरी
अंजनेरींनी दाढेचं शेवटी ठेवलं, ते मी घेतो, कारण आत्ता सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतंय.

'दुधाची दाढ आहे, पडणारच होती' असं म्हणून ही जागा मोकळी सोडतात. खालची मागची दुधाची दाढ साधारण दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायची असते. ती साधारण दहा मिलिमीटर रुंद, तिच्याखालून येणारी उपदाढ सात-साडेसात. हा जो फरक आहे, त्यातूनच पुढच्या दातांना थोडी जागा मिळते. दाढ लवकर गेली की सहाव्या वर्षी आलेली पक्की दाढ पुढे कलते आणि ती जागा खाऊन टाकते. हे सरकणं मुख्यतः पहिल्या सहा महिन्यांत होतं. नंतर उपदाढ आत अडकते किंवा जिभेकडे वाकडी उगवते, आणि दोन मिलिमीटरच्या दुर्लक्षापायी बाराव्या वर्षी चांगले दात काढायची वेळ येते.

एक्स-रेवर उपदाढ यायला सहा महिन्यांहून जास्त वेळ दिसत असेल, तर जागा राखणारी पट्टी बसवून घ्या. मागच्या पक्क्या दाढेवर स्टीलची कडी आणि तिला पुढच्या दातापर्यंत जाणारा तारेचा फास, एवढीच रचना असते. दर तीन-चार महिन्यांनी ती दाखवायची. सिमेंट सुटलं तर कडीखाली दाढ किडते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

आता घरी काय बघायचं. उजेडात, स्वच्छ चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला धरून. मुलं दाखवताना जबडा मुद्दाम पुढे आणतात आणि सगळं माप चुकतं. म्हणून जिभेचं टोक टाळूला जमेल तेवढं मागे टेकवायला सांगा आणि तसंच हळूहळू दात मिटू द्या.

वरचे दात किती पुढे आहेत ते मोजायला पट्टी आडवी धरून खालच्या दाताच्या पुढच्या बाजूला टेकवा. कंपास पेटीतल्या पट्टीचा शून्य कडेपासून आत असतो, तेवढं अंतर मिळवा. दोन-तीन मिलिमीटर ठीक. सहाच्या वर गेलं तर पडल्या-आपटल्यावर पुढचे दात तुटायचा धोका वाढतो.

वरचे दात खालच्यांना साधारण एक तृतीयांश झाकतात. खालचे दिसतच नसतील, तर टाळूवर दातांच्या खुणा आहेत का बघा.

मधली रेघ, म्हणजे वरच्या मधल्या दोन दातांमधली आणि खालच्या मधल्या दोन दातांमधली रेघ एका ओळीत येते का, हे तोंड उघडं असताना आणि मिटल्यावर असं दोन वेळा बघा. उघड्या तोंडात जुळते आणि मिटताना सरकते का, हे लिहून ठेवा. दोन्हीकडच्या दाढांमध्ये वरची खालचीच्या बाहेर बसते ना, तेही बघा.

सुळ्यांसाठी स्वच्छ बोट वरच्या हिरडीवर, दुधाच्या सुळ्याच्या बरंच वर फिरवा. दहाव्या वर्षाच्या आसपास दोन्ही बाजूंना फुगवटा लागायला हवा. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर वाट बघू नका.

पिंपळपार
मोजलं. फट दीड मिलिमीटर. वरचे दात चार मिलिमीटर पुढे. तोंड उघडं असताना मधली रेघ जुळते, मिटल्यावर खालची रेघ उजवीकडे जवळजवळ तीन मिलिमीटर सरकते. उजवीकडची वरची एक दाढही खालच्या दाढेच्या आत बसते आहे. फुगवटा डावीकडे लागतो, उजवीकडे नक्की सांगता येत नाही.

अंजनेरी
मग थांबायचा सल्ला या मुलीला लागू नाही.

रेघ मिटतानाच सरकते, याचा अर्थ जबडा अडथळा चुकवून उजवीकडे जातो आहे. वाढत्या वयात रोज हजारो वेळा असंच मिटलं तर हाड त्याच बाजूला वाढतं. आज प्लेटने सुटणारी गोष्ट अठराव्या वर्षी जबड्याच्या ऑपरेशनपर्यंत जाऊ शकते. ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ साली ब्रिटनमध्ये उपचारांची गरज ठरवायला पाच पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. तिच्यात दात उलटे बसून जबडा दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकत असेल तर चौथी पायरी लागते, म्हणजे उपचार नक्की हवेत. सहा मिलिमीटरपेक्षा जास्त, नऊपर्यंत पुढे आलेले दात त्याच पायरीवर. अडकून राहिलेला सुळा पाचव्या.

वरचा जबडा अरुंद असेल तर या वयात स्क्रूच्या प्लेटने रुंद करता येतो, कारण टाळूच्या मधली सांध्याची रेघ अजून जुळून पक्की झालेली नसते. त्याच प्लेटमध्ये पुढच्या दाताची स्प्रिंगही बसू शकते. स्क्रूची चावी घरीच फिरवायची असते. किती दिवसांनी आणि कोणत्या बाणाच्या दिशेने, ते लिहून घ्या. घाईने जास्त फिरवली की प्लेट बसत नाही आणि मुलं ती घालणंच सोडतात.

पूर्ण तारा लागतील का, हे सगळे पक्के दात आल्यावर, बारा-तेराव्या वर्षी ठरेल. आत्ता कोणी दोन वर्षांच्या पूर्ण उपचाराचे पैसे एकदम मागत असेल तर देऊ नका.

गंगापूर_धरण
याच धाग्यात विचारतो. वय ३४. खालचे पुढचे दात गेल्या चार-पाच वर्षांत एकमेकांवर चढत चाललेत. अक्कलदाढ ढकलते म्हणून ती काढा, असं सांगितलंय.

ब्रह्मगिरी
तेवढ्यासाठी काढू नका. अक्कलदाढ नसलेल्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटतात. ती किडली असेल, तिच्याभोवती वारंवार सूज येत असेल किंवा ती शेजारच्या दाढेला खात असेल, तर कारण वेगळं.

आधी हिरड्या मोजून घ्या. प्रत्येक दाताभोवती खाच किती खोल आहे ते डॉक्टर बारीक सळईने बघतात. तीन मिलिमीटरपर्यंत चांगलं. त्याहून खोल असून रक्त येत असेल, तर आधी हिरडीचा उपचार. सुजलेल्या हिरडीत दात हलवले की हाड झपाट्याने कमी होतं. दाटी तीन-चार मिलिमीटरच असेल तर दातांच्या कडा पाव-पाव मिलिमीटर घासून जागा करता येते, दात काढावे लागत नाहीत. पारदर्शक अलायनर, म्हणजे दातांवर चढवायचे काढता-घालता येणारे साचे चालतील, पण दिवसाचे २०-२२ तास घालणार असाल तरच. आणि नंतर आतून चिकटवलेली बारीक तार कायमची लागेल हे धरून चला.

पिंपळपार
दोघांचेही मनापासून आभार. नाशिकमध्ये दाखवायचं कुठे? आणि तिथे काय विचारायचं?

अंजनेरी
बीडीएस या दातांच्या पदवीनंतर तीन वर्षं ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी केलेल्यांकडे जा. पाटीवर नुसतं 'तारा लावून मिळतील' असेल तर पदवी विचारा, त्यात संकोच नको. पंचवटीतल्या केबीएच डेंटल कॉलेजचा पर्यायही आहे. तिथे शिकाऊ डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पण प्रत्येक टप्पा तपासला जातो. विद्यार्थ्याचा अभ्यासक्रम संपला तर केस पुढे कोणाकडे जाईल, एवढं पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

दाढ काढलेल्या ठिकाणचा एक्स-रे असेल तर सोबत न्या, म्हणजे परत काढावा लागणार नाही. पूर्ण जबड्याचा मोठा एक्स-रे मात्र लागेल. दातांचे साचे किंवा स्कॅन आणि फोटो घेतल्याशिवाय कोणी अंतिम योजना सांगत असेल तर घाई करू नका. खर्चात एक्स-रे, प्लेट तुटल्यास दुसरी आणि शेवटची रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरणारी) धरली आहे का, हे कागदावर मागा.

सुरुवातीआधी उरलेल्या दुधाच्या दाढांची कीड भरून घ्या. प्लेट रोज साध्या पाण्याने आणि ब्रशने धुवा. गरम पाणी नको, ती वाकते. शाळेत डब्याच्या वेळी काढली तर रुमालात गुंडाळू नका, डबीतच ठेवा. हरवलेल्या प्लेटा बहुतेक रुमालाबरोबर कचऱ्यात जातात.

सोमवारी वेळ मिळाली तर सोमवारीच जा. दाढ काढून महिना झालाच आहे.