मदत हवी आहे: २६ हजारांत आधी काय बदलू? ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर की एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा)?

राम राम मंडळी. रावेर तालुक्यात सावद्याजवळ आमचं गाव आहे. घरी केळी. कॉम्प्युटर २०१९ मध्ये जळगावहून जुळवून आणला. केळीच्या गाड्यांचा हिशेब, धाकट्या बहिणीचा अभ्यास आणि रात्री माझे गेम, सगळं त्याच्यावरच चालतं. दोन व्यापाऱ्यांची टॅली लिहून वर्षभरात २६ हजार बाजूला पडलेत. यंदाच्या वादळात बागेतली बरीच झाडं आडवी झाली, त्यामुळे घरून एक रुपयाही मागणार नाही. पैसे एकदाच खर्च करता येतील, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आत्ता जे आहे ते असं: प्रोसेसर रायझन ५ २६००, त्याच्यासोबत आलेलाच पंखा. बोर्ड बी४५०एम, रॅमला दोन स्लॉट. रॅम ८ जीबी डीडीआर४, एकच स्टिक. कार्ड जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी. विंडोज १२० जीबीच्या एसएसडीवर आणि गेम १ टीबीच्या हार्ड डिस्कवर. एसएमपीएस कॅबिनेटसोबत आला तोच, वर ४५० वॅट लिहिलंय. मॉनिटर फुल एचडी, ७५ हर्ट्झ. यूपीएस ६०० व्हीएचा, तोही २०१९ चाच.

दुखणी दोन आहेत. पहिलं, गेम अडखळतात. व्हॅलोरंट बरा चालतो, जीटीए ५ मध्ये शहरातून गाडी जोरात पळवली की रस्ता उशिरा दिसतो, चित्र क्षणभर थिजतं. सायबरपंक २०७७ ची खूप इच्छा आहे, पण त्याची किमान अट वाचली तर १२ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० आणि एसएसडी. माझ्याकडे रॅम आणि कार्ड तेवढं नाही, आणि एसएसडी आहे तो छोटा, विंडोजचाच.

दुसरं दुखणं जास्त त्रासाचं. खेळता खेळता मशीन एकदम बंद पडून आपोआप परत सुरू होतं. निळा पडदा नाही, काही सूचना नाही. बहुतेक वेळा दुपारी नाहीतर संध्याकाळी. एकदा तर हिशेब लिहिताना झालं आणि पंधरा गाड्यांच्या नोंदी परत कराव्या लागल्या.

मित्र म्हणतात आरएक्स ६६०० कार्ड घे, बाकी काही बघू नको. दुकानात सांगितलं की हा प्रोसेसर जुना झाला, नवीन विंडोज चालणार नाही, बोर्ड-प्रोसेसर-रॅम सगळंच बदला. ते तर माझ्या बजेटबाहेर आहे. आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास आहे, घर गावाच्या कडेला आणि लाईट शेतीपंपांच्याच डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) येते. याचा काही संबंध असेल का? आधी कशाला हात घालू?

प्रतिसाद, भुसावळहून

भाऊ, कार्ड आत्ता घेऊ नको. तुझी दोन दुखणी वेगळी आहेत आणि दुसरं आधी मिटवायला हवं. गेम अडखळणं हे कार्ड, रॅम किंवा डिस्कचं. मशीन झटक्यात बंद होणं हे बहुतेक वेळा विजेचं. कार्ड तापलं तर ते आधी आपला वेग कमी करतं, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होतात, तुला कळतं. तुझ्याकडे तसं काहीच न होता थेट अंधार होतोय.

मित्रांचं ऐकून आरएक्स ६६०० बसवलंस तर काय होईल ते सांगतो. तुझं १०५० टीआय जास्तीत जास्त ७५ वॅट घेतं, तेही बोर्डच्या स्लॉटमधूनच. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट लागतात आणि वेगळी ८ पिनची वायर लागते. आत्ताच जो एसएमपीएस दम टाकतोय, त्याच्यावर हा भार कसा टाकणार? ती वायर नसली की दुकानात जोडणी देतात, ती लावू नको. बारीक वायर तापून वितळते.

आता एसएमपीएसचं स्टिकर वाच. मोठ्या अक्षरातल्या ४५० कडे बघू नको, १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः तिथूनच जेवतात. तिथे १६ अँपिअर असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॅट. ४५० चा उरलेला आकडा या दोघांच्या फारसा कामाचा नसतो. आणि एसी इनपुटसमोर काय आहे तेही बघ. चांगल्या एसएमपीएसवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, स्वस्तातल्या बऱ्याच मालावर २०० ते २४०. पंप सुरू झाल्यावर तुमच्याकडे २०० मिळतात का, हे वायरमनच्या मीटरने मोजून घे.

दुकानदाराचं विंडोजचं म्हणणं चूक आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण विंडोज ११ च्या यादीत तुझा रायझन ५ २६०० आहे. बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन टीपीएम, म्हणजे सुरक्षेची सोय, चालू करावं लागतं आणि बोर्ड यूईएफआय-सिक्युअर बूटवर असावं लागतं. सहा कोरचा प्रोसेसर आहे, ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला तो अजून पुरतो. पुढे कमी पडलाच तर बायोस अपडेट करून याच बोर्डवर रायझन ५ ५६०० बसतो, रॅमही तीच चालते. फक्त बायोस अपडेट करताना लाईट गेली तर बोर्ड जाऊ शकतं, म्हणून ते काम यूपीएस धड झाल्याशिवाय करायचं नाही.

खरेदीआधी एवढं कर:

कॅबिनेट उघडून साफ कर, प्रोसेसरवरची पेस्ट नवी लाव. आफ्टरबर्नर (हे आकडे पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून खेळताना तापमान, कार्डचा वापर आणि रॅम बघ. कार्ड सतत ९७-९९ टक्क्यांवर असेल तर कार्ड कमी पडतंय. कार्ड ६० वरच घुटमळतंय आणि रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेम वाढत नाहीत, तर अडचण प्रोसेसर किंवा रॅमची. मग तोच गेम, तीच सेटिंग, एकदा संध्याकाळी आणि एकदा रात्री एक वाजता खेळ.

प्रतिसाद, धुळ्याहून

वरचं सगळं पटतं. एक भर घालतो. यूपीएस २०१९ चा आहे ना? मग बॅटरी केव्हाच गेली असणार. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर १० अंशांमागे जवळपास निम्मं होतं. आपल्याकडच्या खोलीत तिचं काय होत असेल! कॉम्प्युटर काढून नुसता टेबल-लॅम्प यूपीएसला लाव आणि भिंतीतली पिन ओढ. लॅम्प किती वेळ टिकतो ते सांग.

आणि दुसरं, गवताचा कूलर कॅबिनेटकडे तोंड करून लावला असशील तर आधी फिरव. ओली हवा आणि आपलं खारं पाणी, बोर्डवर पांढरा थर बसतो. माझं एक बोर्ड असंच गेलं.

मूळ लेखक, चार दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं एकेक केलं.

कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्याखाली मातीचा आणि कापसाच्या तंतूंचा चक्क गादीसारखा थर होता. शेजारी कपाशी साठवतात, तिथूनच आला असेल. साफ करून पेस्ट लावल्यावर दुपारी जीटीए खेळताना प्रोसेसर ८८ अंशांवरून ७६ वर आला. या प्रोसेसरची मर्यादा ९५ आहे, म्हणजे बंद पडण्याचं कारण ते नव्हतंच. पण पंख्याचा आवाज निम्मा झाला, बहिणीलाही फरक जाणवला.

स्टिकर वाचलं. १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर! भुसावळच्या भाऊंनी उदाहरण म्हणून दिलेला आकडाच निघाला. इनपुट २०० ते २४०.

वायरमनकाकांनी मीटर लावून दिला. रात्री एकला २२६ व्होल्ट. संध्याकाळी सहाला, पंप चालू असताना, १७४. खाली-वर होत एकदा १६८ पर्यंत गेलं. रात्री सलग दोन तास खेळलो, एकदाही बंद पडलं नाही. संध्याकाळी वीस मिनिटांत गेलं, आणि जाताना यूपीएसमध्ये खट् असा आवाज आला. तो आवाज आधीही यायचा, मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

लॅम्पची परीक्षाही केली. पिन ओढली आणि लॅम्प दोन सेकंदांत विझला. म्हणजे व्होल्ट घसरले की यूपीएस खट् करून बॅटरीवर जात असणार, आणि बॅटरी मेलेली असल्याने मशीन बंद. कूलरचं तोंडही कॅबिनेटकडेच होतं, ते त्याच दिवशी फिरवलं.

आफ्टरबर्नरमध्ये कार्ड ९९ वर, पण चित्र थिजतं त्या क्षणी रॅम ७.६ जीबी भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्क्यांवर दिसते. म्हणजे कार्ड कमी पडतंय हे खरं, पण थिजण्याचं मूळ रॅम आणि डिस्कमध्ये आहे असं मला वाटतंय. बरोबर आहे का?

प्रतिसाद, भुसावळहून

बरोबर आहे. रॅम भरली की विंडोज डिस्कवर जागा शोधतं, आणि गेमही हार्ड डिस्कवरूनच येतोय. दोघांची ओढाताण होते. आणखी ८ जीबीची स्टिक घाल, आहे त्याच वेगाची. दोन स्टिक झाल्या की ड्युअल चॅनल मिळेल, म्हणजे दोन्ही एकाच वेळी चालतील, रायझनला त्याचा चांगला फायदा होतो. मग बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का बघ. ते बंद असेल तर ३२०० ची रॅमसुद्धा खालच्याच वेगाने चालते. गेमसाठी ५०० जीबीचा एसएसडी.

एसएमपीएस ५५० वॅटचा घे, इनपुट १०० ते २४० लिहिलेला, ८ पिनची स्वतःची वायर असलेला. उद्या कार्ड आणलंस तर परत हात लावायला नको. यूपीएसची नुसती बॅटरी बदलून बघ. पण नवीन एसएमपीएससोबत ती लॅम्पची परीक्षा परत कर, या वेळी मशीन लावून. काही चांगल्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसची वीज मानवत नाही, पिन ओढताच मशीन बंद पडतं. दुकानात आधीच बोलून ठेव, नाही जमलं तर बदलून द्या म्हणून.

कार्ड शेवटी. उरलेल्या पैशात ते नवीन बसणार नाही, आणि जुनं घेण्याची घाई नको रे भो. जुनं घ्यायचंच झालं तर विकणाऱ्याच्या घरी पंधरा मिनिटं फरमार्क (कार्डवर पूर्ण भार टाकणारं सॉफ्टवेअर) चालवून, चित्रावर ठिपके येतात का आणि तापमान कुठे थांबतं ते बघूनच पैसे दे.

मूळ लेखक

ठरलं तर मग. आत्ता एसएमपीएस, यूपीएसची बॅटरी, ८ जीबी रॅम आणि एसएसडी. उरतील ते पैसे तसेच ठेवतो, दिवाळीच्या आसपास टॅलीचे पैसे आले की त्यात घालून कार्ड बघतो. सायबरपंक तोवर थांबेल. बहिणीची परीक्षा जवळ आलीय, त्यामुळे मशीन मध्येच बंद पडणं थांबतंय याचंच मला जास्त समाधान आहे.

शनिवारी जळगावला जातोय, रॅमच्या स्टिकरचा फोटो मोबाइलमध्ये घेतलाय. एक शेवटची शंका: कॅबिनेटला पुढे पंखा नाही, मागे एकच आहे. पुढे १२० मिलिमीटरचा एक बसवायला जागा आहे. एवढ्या उन्हात त्याने फरक पडेल, की धूळच जास्त आत येईल? त्याच फेरीत घेऊन येतो, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद, धुळ्याहून

घे. जाळी लावून बसव, हवा आत ओढणारा. आणि दर पंधरा दिवसांनी ती जाळी धूत जा, कपाशीच्या दिवसांत आठवड्याला.