आधी पंखे बदला, मग सोलर

मनपाच्या इमारतींवर सोलर बसवलं की काम झालं असं काहीजण म्हणतात, ते अर्धंच पटतं. मुंबईने २०२२ च्या क्लायमेट प्लॅनमध्ये २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषला जाईल, असं ठरवलंय, पण आधी वापर कमी करायला नको का? वॉर्ड ऑफिसात जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० मध्ये भागवतो, म्हणजे रोज १० तास धरून ३०० दिवसांत एका पंख्यामागे १३५ युनिट वाचतात, आणि आपली वीज बरीचशी कोळशाची असल्याने युनिटला अंदाजे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे एका पंख्यामागे तोही ९० किलोच्या वर वाचतो. शाळा, दवाखाने, मंडया मिळून पंखे किती असतील बघा! शिवाय दर इमारतीचं वीजबिल दर महिन्याला वेबसाइटवर टाका, ही मागणी आपण नगरसेवकांकडे लावून धरायलाच हवी.