मदत हवी आहे: पाइपलाइनच्या पाण्यात पॉलिमरची भुकटी मिसळल्यास वीज आणि पाणी वाचते का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही नदीचे पाणी उचलून उसाला सरीने देतो. दिवसा आठ तास वीज मिळते, परंतु तेवढ्यात त्या दिवसाच्या ठरलेल्या सऱ्या भिजत नाहीत आणि पाळी लांबत जाते. तालुक्याच्या दुकानात पॉलिमरची एक भुकटी सुचवली असून ती पाण्यात मिसळल्यास विजेची 30 आणि पाण्याची 40 टक्के बचत होते, असे सांगितले आहे. सोमवारी पाळी आहे. घ्यावी की नाही, एवढेच कृपया सांगावे.

माळरान:
दादा, आपण पुसा हायड्रोजेल, म्हणजे मातीत पाणी धरून ठेवणारा पदार्थ, वापरून पाहावा. भारतीय कृषी संशोधन संस्थेने ते विकसित केले असून हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते. मी हरभऱ्याला पेरणीच्या वेळी मातीत मिसळले आणि माझे एक पाणी वाचले.

पंपघर:
हायड्रोजेल मातीत घालायचे असते आणि प्रश्न पाण्यात मिसळायच्या भुकटीचा आहे. कृष्णाकाठ, मोटर किती अश्वशक्तीची आहे? पाइप किती मिलिमीटरचा आणि किती लांब आहे? नदीपासून शेत किती उंचावर आहे?

कृष्णाकाठ:
भुकटीसाठी एवढी माहिती कशाला लागते, हे समजले नाही. मोटर 10 अश्वशक्तीची आहे आणि पाइप 90 मिलिमीटरचा पीव्हीसी आहे.

शेतीमित्र_वाई:
राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज योजना लागू आहे. आपण मोटर बदलली, तर बिलाचा प्रश्नच उरणार नाही.

कृष्णाकाठ:
साहेब, माझी मुख्य अडचण तासांची आहे. लहान मोटरने पाळी आणखी लांबेल.

मातीची_नाडी:
ही भुकटी बहुधा पॉलिॲक्रिलामाइड, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे पॉलिमर, असावी. अमेरिकेत आयडाहो राज्यातील किंबर्ली येथील सरकारी संशोधन केंद्राने सरीच्या पाण्यात ती लिटरमागे 10 मिलिग्रॅम मिसळून पाहिली, तेव्हा सरीतून वाहून जाणारी माती फार मोठ्या प्रमाणात थांबली. त्यामुळे ही वस्तू निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणू नये.

पंपघर:
निरुपयोगी असे मी म्हटलेले नाही, परंतु तो प्रयोग मातीची धूप थांबवण्याचा होता आणि येथे दावा वीज वाचवण्याचा आहे. लांब साखळीचे रेणू पाण्यातील खळबळ दाबतात आणि पाइपमधील घर्षण कमी करतात, हे 1940 च्या दशकापासून माहीत आहे. अलास्काच्या तेलवाहिनीत 1979 पासून असे पदार्थ वापरले गेले. मात्र पंपाच्या पात्यांमध्ये हे रेणू तुटतात, म्हणून ते पंपातून पाणी बाहेर पडल्यानंतरच्या पाइपमध्ये सोडावे लागतात. फूटव्हॉल्व्हजवळ, म्हणजे नदीतून पाणी ओढणाऱ्या तोंडाशी, टाकलेली भुकटी वाया जाईल. लांबी आणि उंची अजून कळली नाही.

कृष्णाकाठ:
लांबी 900 मीटर आणि उंची 22 मीटर आहे. शेवटच्या तोंडाला 1000 लिटरची टाकी 110 सेकंदांत भरते.

पंपघर:
आता नेमके सांगता येईल. आपला प्रवाह सेकंदाला 9 लिटर आहे. पाइपचा आतला व्यास 84 मिलिमीटर धरला, तर घर्षणात सुमारे 27 मीटर दाब, म्हणजे पाणी तेवढे उंच चढवण्याइतका जोर, जातो; म्हणजे पंप एकूण 49 मीटरचे काम करतो. पाणी 22 मीटर वर चढवण्याचे कष्ट कोणतीही भुकटी कमी करू शकत नाही. घर्षण 30 टक्क्यांनी घटले असे मानले, तरी 8 मीटर वाचतील, म्हणजे एकूण कामाच्या सहाव्या हिश्शाइतके. त्यासाठी आठ तासांच्या 2 लाख 60 हजार लिटर पाण्याला, लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या हिशेबाने, रोज अडीच किलोहून अधिक भुकटी लागेल आणि त्या बदल्यात सुमारे 10 युनिट वीज वाचेल. अँपिअर मीटरवर फरक दिसण्याची अपेक्षाही ठेवू नये, कारण घर्षण कमी झाले की हाच पंप जास्त पाणी फेकतो; लाभ झालाच तर तो तास कमी होण्यात दिसतो.

मातीची_नाडी:
आणि पाण्याच्या 40 टक्के बचतीचे काय?

पंपघर:
पाइपमधील घर्षण कमी झाल्याने पिकाची पाण्याची गरज बदलत नाही. तो दावा बहुधा हायड्रोजेलच्या माहितीतून उचललेला दिसतो. पाणी वाचवायचे असेल, तर उसाला ठिबकचा विचार करावा, परंतु त्याला पाइपच्या शेवटच्या तोंडाला वेगळा दाब लागतो आणि आत्ताच्या पाइपवर तो मिळणे कठीण आहे.

माळरान:
माझा हायड्रोजेलचा अनुभव खोटा नाही, एवढे नोंदवतो.

पंपघर:
खोटा नाहीच, माळरानदादा. कोरडवाहू हरभऱ्याची गोष्ट वेगळी आणि नदीकाठच्या उसाची वेगळी.

कृष्णाकाठ:
संपूर्ण 900 मीटर पाइप बदलण्याइतके पैसे सध्या नाहीत. 400 मीटर 110 चा टाकला तर काही उपयोग होईल का?

पंपघर:
होय. याच प्रवाहाला 110 च्या पाइपमध्ये 900 मीटरवर सुमारे 10 मीटर घर्षण येते, म्हणजे पूर्ण बदलात 17 मीटर वाचतात. 400 मीटर बदलल्यास त्यांपैकी साडेसात मीटर वाचतील. ही बचत भुकटीच्या सर्वोत्तम परिणामाइतकीच आहे आणि तिला रोजचा खर्च नाही. जुने 90 चे पाइप सुस्थितीत निघाले, तर ते शेतातील फाट्याला वापरता येतील.

कृष्णाकाठ:
भुकटी घेत नाही. सोमवारची पाळी आहे तशीच देतो आणि 400 मीटरचा दर काढतो. वरच्या बाजूचे बदलावे की नदीकडचे?

पंपघर:
घर्षणाच्या दृष्टीने दोन्ही सारखेच. मात्र नदीकडच्या भागावर दाब सर्वाधिक असतो, म्हणून जिथे जोड गळतात, तिथून सुरुवात करावी आणि पाइपवर छापलेला दाबवर्ग, म्हणजे तो किती दाब सोसतो ते, पाहूनच खरेदी करावी.