मदत हवी आहे: विद्यार्थिनीला सिस्टर व्हायचंय, तिच्या आईशी मी बोलू का?

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे. वसईकडचे आणि ठाण्यातले ख्रिस्ती सभासद इथे आहेत, त्यांनी जरूर वाचावा.

मी नवी मुंबईत एका कॅथलिक संस्थेच्या कॉलेजात अकाउंट्स शिकवते. आमचं घर वारकरी, आजोबा माळकरी. इतक्या वर्षांत माझा धर्म तिथे कधी आड आला नाही. एनएसएसचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं काम माझ्याकडेच आहे. यंदा फादरांनी सांगितलं की मुलांमध्ये सेवक-नेतृत्व, म्हणजे आधी सेवा आणि मग पुढारपण, रुजेल असं काहीतरी नीट उभं करू या. शिवाय जी कॅथलिक मुलं पाचारणाचा विचार करत असतील, त्यांचं ऐकून घेणारं कुणीतरी कॉलेजात असावं. पाचारण म्हणजे फादर, सिस्टर किंवा ब्रदर होण्यासाठी आलेली देवाची हाक. पहिलं काम माझं आणि दुसरं चॅपलिनचं, म्हणजे कॉलेजात धार्मिक बाबी पाहणाऱ्या धर्मगुरूंचं, असं मी धरून चालले होते.

मागच्या आठवड्यात तिसऱ्या वर्षाची एक मुलगी स्टाफरूमबाहेर थांबली होती. ठाण्याची, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या कॅथलिक घरातली, घरी मराठीच बोलतात. म्हणाली, "मॅम, मला सिस्टर व्हायचंय. घरी अजून माहीत नाही. तुम्ही आईशी बोलाल?"

मीच का, असं विचारलं. तर म्हणाली, "तुम्ही आमच्यातल्या नाही. तुम्ही सांगितलंत तर कुणी मला ओढून नेतंय असं आईला वाटणार नाही."

या मुलीला मी शिबिरात पाहिलंय. सात दिवसांचं निवासी शिबिर होतं, कर्जतजवळच्या एका पाड्यावर. दिवसा भाषणं करणारे, फोटोत पुढे उभे राहणारे गटप्रमुख पुष्कळ होते. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले तर ही स्वयंपाकाच्या बाईंबरोबर बसून करपलेलं पातेलं घासत होती. सकाळी कुणाला काही बोलली नाही, पण त्या दिवसापासून तिच्या गटातली मुलं आपापली ताटं घासून मगच झोपायला जात. तिने एकालाही सांगितलं नव्हतं. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरावे लागतात, मुलं ते भरतात, मी सही करते. त्या रात्रीचा तास कुठल्याच वहीत नाही.

घरची स्थिती अशी. वडील रबाळ्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहेत. ही थोरली, धाकटा भाऊ दहावीत. फीसाठी घेतलेलं शैक्षणिक कर्ज तिच्या नावावर आहे, सव्वा लाख अजून फिटायचंय. हिच्या लग्नात उंबराच्या पाण्याच्या विधीला कुणाकुणाला बोलवायचं, हेसुद्धा आईने मनात ठरवून ठेवलंय म्हणे. सांगताना मुलगी हसली आणि लगेच रडली.

मला कळत नाहीये ते हे. एकदा आत गेली की परतीची वाट असते का? कर्जाचं काय? मी आईकडे जावं की जाऊ नये? आणि वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदू-मुस्लिम असताना सेवक-नेतृत्व कसं शिकवावं, की ते कुणाला प्रवचन वाटणार नाही?

—

वसईचा_वारा:
ताई, मी तीन वर्षं सेमिनरीत, म्हणजे फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे होतो. बाहेर पडलो, आज बँकेत आहे, दोन मुलं आहेत. तेव्हा परतीची वाट असते, हे स्वतःवरून सांगतो.

सिस्टर एका दिवसात होत नाहीत. आधी कॉन्व्हेंटमध्ये येऊन-जाऊन राहतात, मग काही काळ उमेदवारी, मग नोव्हिशिएट, म्हणजे व्रतं घेण्याआधीचा तयारीचा काळ. ते चर्चच्या कायद्याने किमान १२ महिन्यांचं असतं, अनेक संस्थांत दोन वर्षांचं. त्यानंतर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं, पण तीही आधी ठरावीक मुदतीची. अशी निदान तीन वर्षं गेल्यावरच आजीवन व्रतं. तोपर्यंत मुदत संपली की ती मोकळी, आणि संस्थाही नाही म्हणू शकते. आईला हे आवर्जून सांगा. "मुलगी गेली" असं तिच्या मनात एका क्षणात होतं, प्रत्यक्षात तो काही वर्षांचा रस्ता आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंनी विचारपूस चालूच असते.

कर्जाचं: फेडता येत नाही असं कर्ज डोक्यावर असेल तर नोव्हिशिएटमध्ये घेऊ नये, असं १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात स्पष्ट आहे (कलम ६४४). तेव्हा तिने दोन वर्षं नोकरी करावी, कर्ज फेडावं आणि त्या काळात सुट्टीत सिस्टरांकडे जाऊन राहावं. वडिलांनाही हे पटेल. हाक खरी असेल तर दोन वर्षांत विरून जात नाही.

—

सरळ_प्रश्न:
कटू वाटेल पण विचारतो. विशीतल्या मुलामुलींना कॉलेजने अशा वाटेला लावावंच का? शिकवणाऱ्यांचा शब्द मुलांवर फार वजन ठेवतो. याला दबाव नाही तर काय म्हणायचं?

—

वसईचा_वारा:
प्रश्न रास्त आहे. आयुष्याची वाट निवडताना कुणावरही कसलीही जबरदस्ती नसावी, हा कॅनन लॉमध्ये प्रत्येक श्रद्धावंताचा हक्क म्हणून लिहिलाय (कलम २१९). जबरदस्तीने किंवा भीती घालून कुणाला नोव्हिशिएटमध्ये आणलं, तर तो प्रवेशच रद्द ठरतो. कॅथलिक विद्यापीठांसाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली जे नियम घालून दिले, त्यांतही प्रत्येकाच्या सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा मान राखावा असं आहे.

तरी कागदावरचा नियम वेगळा आणि स्टाफरूममधलं वागणं वेगळं, हे मलाही मान्य. माझ्या मते प्रोत्साहन म्हणजे मुलाने विचारलं तर हसण्यावारी न नेणं, आणि न विचारणाऱ्याच्या मागे न लागणं. मी सेमिनरी सोडायचं ठरवलं तेव्हा माझे रेक्टर, म्हणजे सेमिनरीचे प्रमुख, स्वतः मला स्टेशनवर सोडायला आले होते. माझ्यासाठी तेही प्रोत्साहनच होतं.

—

माजिवड्याची_मावशी:
बाई, तुम्ही आधी जाऊ नका. हात जोडून सांगते.

माझी धाकटी बहीण सिस्टर आहे, २६ वर्षं झाली. तिने आधी शाळेतल्या टीचरला सांगितलं होतं आणि टीचर घरी आल्या. आमची आई बहिणीच्या जाण्यावर रडली ती महिनाभर. पण "बाहेरच्या बाईला माझ्याआधी कळलं" हे ती अखेरपर्यंत विसरली नाही. बहिणीच्या पहिल्या व्रतांना आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं, सगळ्यांना जेवू घातलं, आणि रात्री मला म्हणाली, मला आधी सांगायला काय झालं होतं.

मुलीला वाटतं तुम्ही परक्या म्हणून आईला सोपं जाईल. आईच्या बाजूने ते उलटं आहे. मुलीने स्वतः सांगू दे, एकटीने. आई रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, चालेल. मग तुम्ही जा, चहा प्या आणि पातेल्याची गोष्ट सांगा. आपल्या मुलीबद्दल कुणी असं पाहून ठेवलंय, हे आईला कळलं पाहिजे.

—

नामा_म्हणे:
वर्गातल्या प्रश्नावर लिहितो. मी कंपनीत माणसांना प्रशिक्षण देतो.

'सर्व्हंट लीडरशिप' हा शब्द रॉबर्ट ग्रीनलीफ यांनी १९७० मध्ये रूढ केला. ते पाद्री नव्हते, अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत आयुष्य काढलेले अधिकारी होते. त्यांची कसोटी मला फार कामाची वाटते: तुमच्या हाताखालची माणसं वाढली का, जास्त मोकळी झाली का, आणि सगळ्यांत तळाच्या माणसाला त्याचा काय फायदा झाला?

पण तिथून सुरुवात करू नका. गाडगेबाबांपासून करा. गावात शिरले की आधी खराटा हातात, गाव झाडून व्हायचं, मग रात्री कीर्तन. झाडताना पाहिलेल्या माणसाचं लोक कीर्तनात ऐकत. मग येशूने शिष्यांचे पाय धुतले तो प्रसंग घ्या. त्या काळी ते नोकराचं काम होतं, म्हणून तर पेत्र आधी नकोच म्हणाला. २०१३ च्या पवित्र गुरुवारी पोप फ्रान्सिस यांनी रोमच्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात १२ जणांचे पाय धुतले, त्यात मुली होत्या, मुस्लिमही होते. खराटा आणि घंगाळ शेजारी ठेवले की प्रवचन लागत नाही.

आणि गटप्रमुख निवडायची पद्धत बदला. वर्षअखेरीला प्रमुखाला "तू काय केलंस" विचारू नका, गटातल्या सगळ्यात बुजऱ्या मुलाला विचारा, वर्ष कसं गेलं. स्वयंपाकाच्या बाईंनाही विचारा.

—

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. मावशी, तुमचा प्रतिसाद वाचून मी गप्प बसून राहिले. मी शनिवारी त्यांच्या घरी जायचं ठरवून टाकलं होतं.

आज मुलीशी बोलले. आधी घाबरली, मग म्हणाली, रविवारी चर्चमधली मिस्सा (प्रार्थनाविधी) झाल्यावर आईला तलावपाळीवर घेऊन बसते, घरात भावासमोर नको. नोकरी करून कर्ज फेडायचं तिला लगेच पटलं, जरा हायसंही वाटलं असावं. फादरांनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, घाई नको, आणि तिच्या आईला वाटेल तेव्हा मला भेटू दे.

स्वयंपाकाच्या बाईंना विचारण्याची कल्पना मी उचलते आहे. डिसेंबरच्या शिबिरापासून सुरू.

आता एक शेवटची मदत. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे, मराठी वाचते. ते सगळे टप्पे मी एका पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेत, मुलीने मागितले तर द्यायला. वसईचा_वारा, मी 'तात्पुरती व्रतं' लिहिलंय. वाचून तुच्छ वाटत नाही ना?

—

वसईचा_वारा:
'प्रथम व्रतं' लिहा. आणि खाली 'ठरावीक वर्षांसाठी' असं जोडा. पान पाठवा, आज रात्री बघतो.